प्रस्थानवेळेचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठालगत वसलेल्या घुग्घुस या गावी, जिथे वेकोलिच्या खाणींतला कोळसा, सिमेंटनगरच्या कारखान्यातले सिमेंट आणि गडचिरोलीतील सुरजागडहून येणारे लोहखनिज अशी तिहेरी वाहतूक त्याच त्या रस्त्यांवर येऊन मिळते, तिथल्या रहिवाशाला वाहतुकीचे नियमन ही काय चीज आहे, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. काट्यावर बसणाऱ्या कारकुनाच्या हाती ट्रकचा वेग कधीच नसतो. फाटक ओलांडल्यावर चालक आपल्या मर्जीने गाडी हाकणार, हे तो जाणून असतो. त्याच्या अखत्यारीत येते ते एवढेच की, समोर उभा असलेला ट्रक या क्षणी सोडावा की काही वेळ थोपवून धरावा, आणि हा निर्णय करताना आधीच्या ट्रकांनी किती माल नेला व प्रस्तुत ट्रकवर किती माल आहे, याचा मेळ त्याला घालावा लागतो. संगणकांच्या जाळ्यामध्ये ट्रॅफिक शेपिंग या नावाने जो कारभार चालतो, त्याचा अधिकारही नेमका याच मर्यादेतला आहे.

सामान्य ग्राहकाची समजूत अशी असते की, दोन मेगाबिटांची जोडणी घेतली म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह खरोखरच त्या मंद गतीने वाहत असतो. वस्तुस्थिती अशी नाही. शंभर मेगाबिट क्षमतेच्या तारेवर टाकलेले प्रत्येक पॅकेट शंभर मेगाबिटांच्याच गतीने जाते. पंधराशे बाइटांचे, म्हणजे बारा हजार बिटांचे पॅकेट तेथे १२० मायक्रोसेकंदांत तारेवर चढून मोकळे होते. ग्राहकाला दोन मेगाबिटच द्यायचे असतील, तर त्याच पॅकेटाच्या नावावर ६ मिलिसेकंद खर्ची टाकायचे आणि ती मुदत संपेपर्यंत त्याचे पुढचे पॅकेट रोखून धरायचे, एवढाच उपाय यंत्राजवळ असतो. दर म्हणून जे आपल्याला विकले जाते ते अशा रीतीने दोन प्रस्थानांमधील अंतराचे नाव आहे. आणि म्हणून या सबंध शास्त्राचा मूळ प्रश्न ‘किती वेगाने’ हा नसून ‘केव्हा’ हा आहे, असे माझे मत या विषयाचे वाङ्मय वाचता वाचता दृढ होत गेले आहे. गेल्या चार दशकांतील प्रगतीचा इतिहासही, माझ्या दृष्टीने, हा प्रश्न आडवळणाने विचारण्याकडून सरळ विचारण्याकडे झालेल्या प्रवासाचाच इतिहास आहे.

आडवळणाच्या पद्धतींमध्ये सर्वांत प्रसिद्ध अशी बादलीची पद्धत. जोनाथन टर्नर यांनी १९८६ साली तिचे पहिले रूप मांडले आणि पुढे टोकन बकेट या नावाने ती सर्वत्र रूढ झाली. तिचे नियम थोडक्यात असे : ठरलेल्या दराने टोकन जमा होत राहावेत, त्यांच्या शिल्लकेला एक कमाल मर्यादा असावी, पॅकेट जितक्या बाइटांचे तितके टोकन शिलकेत असतील तरच ते सोडावे, आणि सोडताना तेवढी रक्कम वजा करावी. दर दोन मेगाबिट, म्हणजे सेकंदाला अडीच लक्ष बाइट, आणि शिल्लक मर्यादा पंधरा हजार बाइट धरली, तर बराच वेळ स्वस्थ असलेल्या ग्राहकाची पहिली दहा पूर्ण आकाराची पॅकेटे शंभर मेगाबिटांच्या तारेवर १.२ मिलिसेकंदांत एकापाठोपाठ एक निघून जातील. या अवधीत आणखी तीनशे टोकन जमतील. अकराव्या पॅकेटाला बाराशेंची उणीव पडेल. ती भरून यायला ४.८ मिलिसेकंद लागतील. आणि आरंभापासून बरोबर सहाव्या मिलिसेकंदाला ते पॅकेट सुटेल. तेथून पुढे दर सहा मिलिसेकंदांनी एक. संकेतस्थळाचे पहिले पान झटकन उघडते आणि मोठी फाइल मात्र संथपणे उतरते, या नित्याच्या अनुभवामागे जी कारणे असतात त्यांपैकी हे एक.

दूरध्वनीच्या परंपरेत वाढलेल्या अभियंत्यांनी हीच गोष्ट निराळ्या भाषेत मांडली, आणि ती मांडणी मला अधिक स्वच्छ वाटते. एटीएम या जाळ्यासाठी सिद्ध केलेल्या नियमात टोकनही नाहीत आणि बादलीही नाही; तेथे फक्त एक वेळ लिहून ठेवलेली असते, जिला ‘सैद्धान्तिक आगमनवेळ’ म्हणावे. पॅकेट आले की ही नोंदलेली वेळ आणि घड्याळातील चालू वेळ यांपैकी जी नंतरची असेल ती घ्यावी, तीत त्या पॅकेटाचा ठरलेल्या दराने होणारा अवधी मिळवावा, आणि बेरीज नव्याने नोंदवावी. सवलत द्यायची तर तीही वेळेतच द्यायची : नोंदलेल्या वेळेच्या इतके आधी आलेले पॅकेट चालेल, त्याहून आधीचे चालणार नाही. वरच्याच उदाहरणात सवलतीची मुदत ५४ मिलिसेकंद ठेवली, तर दहा पॅकेटांनंतर नोंदवहीत ६० हा आकडा असेल, आणि साठांतून चौपन्न वजा जाता अकरावे पॅकेट पुन्हा सहाव्याच मिलिसेकंदाला सुटेल. दोन्ही पद्धतींचा निकाल तंतोतंत एकच. परंतु पहिल्या पद्धतीत यंत्राला वारंवार ‘आता पुरेशी शिल्लक आहे काय?’ असे विचारत बसावे लागते, तर दुसरीत ‘अमुक वेळी सोड’ एवढा हुकूम एकदाच मिळतो. हा भेद वरवर किरकोळ भासतो. पुढे त्यालाच महत्त्व आले.

अनेक ग्राहक एकाच तारेवर असले की हिशेब अर्थातच गुंतागुंतीचा होतो. जॉन नेगल यांनी १९८५ च्या अखेरीस प्रत्येक संगणकाला पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडू देण्याची तजवीज सुचवली, पण पॅकेटांचे आकार सारखे नसल्यामुळे मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याचा तीत आपसूक फायदा होत असे. १९८९ मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी हा अन्याय दूर केला. तार जणू एकेक बिट पाळीने सर्वांना वाटली जात आहे अशी कल्पना करावी, त्या काल्पनिक वाटपात प्रत्येक पॅकेट केव्हा पुरे झाले असते ती वेळ काढावी, आणि ज्याची समाप्तिवेळ सर्वांत आधीची, ते पॅकेट सर्वांआधी सोडावे, अशी ही योजना. पुढच्याच वर्षी लिक्सिया झांग यांनी प्रत्येक प्रवाहाला आपापले आभासी घड्याळ दिले, आणि १९९३ साली अभय पारेख व रॉबर्ट गॅलगर यांनी सिद्ध करून दाखवले की, समाप्तिवेळेच्या क्रमाने सोडलेले कोणतेही पॅकेट त्या आदर्श काल्पनिक वाटपाच्या मानाने फार तर एका सर्वांत मोठ्या पॅकेटाच्या अवधीइतकेच मागे पडू शकते. खऱ्या तारेवर पॅकेट अर्ध्यात तोडता येत नाही, ही अपरिहार्य अडचण ध्यानात घेता यापेक्षा अधिक अपेक्षा करणेच अयोग्य होय. एका अर्थाने हा या क्षेत्रातील सर्वांत सुंदर निष्कर्ष आहे, कारण न्यायाची खात्री त्याने मोजता येण्याजोग्या मुदतीत बांधून दिली.

सिद्धान्ताची बाजू येथवर निर्वेध आहे. व्यवहारात मात्र लांबीला दराने भागणे या शाळकरी गणितातील दोन्ही पदे फसवी निघतात, आणि माझ्या मते आढाव्याचा खरा भर याच भागावर असावयास हवा.

प्रथम लांबी. आपण ज्याला पंधराशे बाइटांचे पॅकेट म्हणतो, ते इथरनेटच्या तारेवर पंधराशे बाइटांची जागा कधीच घेत नाही. शीर्षाचे १४, तपासणीचे ४, सुरुवातीच्या इशाऱ्याचे ८ आणि दोन चौकटींमध्ये सक्तीने सोडायच्या मोकळ्या जागेचे १२ असे ३८ बाइट त्यात मिळतात. मोठ्या पॅकेटाच्या बाबतीत ही तफावत अडीच टक्क्यांची, म्हणून सोसण्याजोगी. लहान पॅकेटांच्या बाबतीत तिचे स्वरूप भयंकर होते. बीएसएनएलने २००५ साली टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली, त्या एडीएसएल तंत्राचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. त्या तारेवर सर्व मजकूर ५३ बाइटांच्या कोष्ठांत भरून जात असे, आणि त्यातले ४८ बाइटच मालाचे. आवाजाचे संक्षेपण करून बांधलेले, इंटरनेटच्या सर्व शीर्षांसह ६० बाइटांचे एक पॅकेट घ्या. त्यावर पीपीपीओई आणि एटीएमच्या आवरणांचे ४० बाइट चढले की शंभर होतात; शंभरांना तीन कोष्ठे लागतात, कारण अर्धवट कोष्ठही पूर्णच पाठवावे लागते; आणि तीन कोष्ठे म्हणजे १५९ बाइट. राउटरच्या वहीत साठ लिहिलेले, तारेवर एकशे एकोणसाठ गेलेले. उलट १४९२ बाइटांच्या मोठ्या पॅकेटाला बत्तीस कोष्ठे, म्हणजे १६९६ बाइट लागत, ज्यात वाढ जेमतेम चौदा टक्क्यांची. आता ज्या यंत्राने ही वाढ हिशेबात धरलेली नाही, ते साध्या डाउनलोडच्या वेळी बरे चालेल आणि बोलणे सुरू होताच कोलमडेल. कारण त्याने काढलेल्या प्रस्थानवेळा तारेच्या कुवतीपेक्षा फार लवकरच्या असतील, रांग त्याच्या ताब्यातून निसटून मोडेममध्ये जाऊन साचेल, आणि तेथे तिच्यावर कोणाचाच अंमल चालणार नाही. लिनक्समध्ये पुढे अशा तारेचा प्रकार व तिच्यावरील आवरणांचे बाइट स्पष्टपणे नोंदवण्याची सोय झाली ती या अनुभवातूनच.

दुसरे पद दराचे, आणि तो राखायचा तो घड्याळाच्या भरवशावर. यंत्रातील घड्याळ अखंड वाहत नाही, ते ठोक्याठोक्यांनी चालते. लिनक्सच्या गाभ्यात एके काळी सेकंदाला शंभर ठोके पडत. म्हणजे थोपवून धरलेल्या पॅकेटाची मुदत संपली की नाही, हे कित्येकदा दहा मिलिसेकंदांनीच पाहिले जाई. दहा मेगाबिटांचा दर राखायचा तर एका ठोक्यात १२,५०० बाइट सुटणे भाग, म्हणून बादलीही निदान तेवढी मोठी ठेवावी लागे. ती लहान ठेवली की ग्राहकाला त्याचा हक्काचा दर मिळत नसे, आणि दोष मात्र तारेला दिला जाई. भागाकाराचीही अशीच कथा. गाभ्याच्या आत अपूर्णांकांचे गणित टाळतात व प्रत्येक पॅकेटामागे भागाकार करणे महाग पडते, यास्तव पूर्वी २५६ घरांचा एक तक्ता आधीच तयार करून ठेवत, ज्यात आकाराच्या प्रत्येक टप्प्यासमोर त्याचा अवधी लिहिलेला असे. सामान्यतः हा टप्पा आठ बाइटांचा. त्यात वेळेचे माप सुमारे एका मायक्रोसेकंदाचे असल्यामुळे मंद जोडण्यांवर कोणाच्या काही लक्षात येत नसे. परंतु एक गिगाबिटाच्या तारेवर ६४ बाइटांचा अवधी ०.५१२ मायक्रोसेकंद होतो, आणि अर्ध्याच्या आसपासची ही रक्कम शून्यात धरावी की एकात, या एका निवडीवर पॅकेट फुकटात जाणार की जवळजवळ दुप्पट अवधी खाणार हे ठरू लागले. २०१३ च्या सुमारास हा तक्ता मोडीत काढून नवी रीत आली : दर ठरतानाच एक गुणक व एक सरकमाप काढून ठेवायचे, आणि पॅकेटाच्या लांबीला गुणकाने गुणून गुणाकाराचे द्विमान अंक तितके उजवीकडे सरकवायचे, की नॅनोसेकंदांतील उत्तर हाती येते. सात मेगाबिटांच्या दराला एका बाइटाचा अवधी ११४२.८५७... असा न संपणारा निघतो; या रीतीत त्याची चूक इतकी सूक्ष्म राहते की लक्षावधी पॅकेटांनंतरही तिची बाकी जाणवण्याइतकी साचत नाही.

मार्टिन देवेरा यांची एचटीबी ही पद्धत २००२ च्या सुमारास लिनक्समध्ये आली, आणि आपल्याकडील केबल व ब्रॉडबँडचा धंदा करणाऱ्या लहान व्यावसायिकांच्या घरात तिचाच वास आहे, भले त्यांना ते नाव ठाऊक नसो. कारण त्यांच्यात लोकप्रिय असलेल्या मायक्रोटिक राउटरांतील रांगांची व्यवस्था एचटीबीवरच उभारलेली आहे. तीत बादलीचे आकारमान निराळे सांगितले नाही तर ते ठरलेल्या दराच्या एक दशांश सेकंदाइतके धरले जाते. दहा मेगाबिटांच्या ग्राहकाला याचा अर्थ सव्वा लक्ष बाइटांची मुभा एका दमात.

ही मुभा कोणाच्या मुळावर येते हे पाहायचे तर घुग्घुससारख्या गावातील एखादे आपले सरकार सेवा केंद्र डोळ्यांपुढे आणावे. एका संगणकावरून सातबारा, दाखले, फोटो यांच्या स्कॅन केलेल्या जड फाइली वर चढत आहेत; शेजारच्या संगणकावर एक वृद्ध बाई निराधार योजनेच्या पैशांसाठी यंत्रावर अंगठा टेकवून उभी आहे. तिच्या अंगठ्याचा निरोप जेमतेम काही पॅकेटांचा. वर जाण्याचा दर दोन मेगाबिट असेल आणि मोडेममधील साठवण अडीच लक्ष बाइटांची असेल, तर ती फाइलींनी भरल्यावर प्रत्येक नव्या पॅकेटाला पूर्ण एक सेकंद नुसते थांबावे लागते, आणि अंगठा पडताळणीच्या अनेक येरझारांमध्ये तो सेकंद पुनःपुन्हा मोजावा लागतो. मुदत टळते, यंत्र नकार देते, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे त्या बाईला सांगितले जाते, वास्तविक सर्व्हर जागच्या जागी उत्तम चालू असताना. या अतिसाठवणीच्या दोषाकडे जिम गेटिस यांनी २०१० पासून जगाचे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेची लांबी नव्हे, तर पॅकेटाचा रांगेतील मुक्काम मोजावा आणि तो ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहू लागला की पॅकेटे गाळावीत, असा तोडगा दिला. २०१८ साली लिनक्समध्ये समाविष्ट झालेल्या केक या व्यवस्थेने हे सारे एकत्र आणले. तीत बादलीच नाही. पुढील पॅकेटाची वेळ एवढी एकच नोंद असते, पॅकेट सुटले की त्याचा आवरणांसकट काढलेला अवधी तीत मिळवला जातो, आणि रांगेतील लहान व विरळ प्रवाहांना पुढे वाट दिली जाते. तारेच्या खऱ्या कुवतीहून थोडा कमी दर सांगून ही व्यवस्था केंद्राच्या राउटरवर बसवली, तर रांग मोडेममध्ये न साचता आपल्या ताब्यात राहते आणि त्या बाईचे काम फाइली चढत असतानाच होऊन जाते. यासाठी एक रुपयाही अधिक दराची जोडणी घ्यावी लागत नाही, ही गोष्ट मला अत्यंत मोलाची वाटते.

मोठ्या जगातही गणिताची दिशा हीच राहिली. लाखो प्रवाहांच्या प्रस्थानवेळा एकाच वेळी सांभाळायच्या तर त्यांची क्रमवारी लावण्यातच यंत्र थकून जाते. यावरचा उपाय आपल्या मुंबईच्या आयआयटीतून १९८१ साली पदवी घेतलेल्या जॉर्ज व्हर्गीस यांनी टोनी लॉक यांच्यासह १९८७ मध्येच, अगदी निराळ्या प्रयोजनासाठी, देऊन ठेवलेला होता : वेळेचे समान कप्पे पाडून त्यांचे चक्र करावे, प्रत्येक काम आपल्या वेळेच्या कप्प्यात टाकावे, आणि काटा त्या कप्प्यावर आला की तो रिकामा करावा; म्हणजे क्रमवारी लावण्याचे कामच उरत नाही. एम. श्रीधर यांच्यासह १९९५ मध्ये त्यांनी न्याय्य वाटपाची स्वस्त व सुटसुटीत पद्धतही दिली, जी पुढे असंख्य राउटरांत गेली. २०१७ साली गूगलच्या अभियंत्यांनी कॅरोसेल या रचनेत प्रत्येक पॅकेटावर प्रस्थानवेळ लिहून अशाच चक्रात ते टाकण्याची रीत जाहीर केली, आणि २०१८ च्या अखेरीस लिनक्सनेही टीसीपीच्या पॅकेटांना सर्वांत लवकरच्या प्रस्थानाची वेळ लावूनच पुढे पाठवण्याचे धोरण पत्करले. बादलीची शिल्लक पुनःपुन्हा तपासण्याचा काळ तेथे मागे पडला. कारखान्यांतील यंत्रांसाठी तर नेटवर्क कार्डालाच घड्याळ देऊन नेमक्या क्षणी पॅकेट सोडण्याची सोय झालेली आहे.

सरकारी धोरणाने या गणितातील भाजक तेवढा वेळोवेळी बदलला. ब्रॉडबँडची किमान व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिटांची होती. पूर्ण पॅकेटाचा तिथला अवधी ४६.८७५ मिलिसेकंद. २०२३ मध्ये ती दोन मेगाबिटांची झाली आणि अवधी सहावर आला. दूरसंचार विभागाने २०१८ साली मजकुरावरून भेदभाव करण्यास मनाई करताना वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला मोकळीक ठेवली, हेही योग्यच झाले. पण ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर दर असतो आणि बादलीचा आकार नसतो, लांबी कोठे मोजली हे नसते, रांगेत किती मुक्काम होऊ शकेल हे नसते. दर तोच ठेवून या तीन बाबी बदलल्या तर जोडणी चांगल्याची वाईट होते, हे वर दिसून आलेच आहे; म्हणून दराइतक्याच ठळकपणे त्या जाहीर करण्याची सक्ती असावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

दोन प्रश्न अद्याप मार्गी लागलेले नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या पॅकेटांची वेळ आपण ठरवू शकत नाही. ती तार ओलांडून आल्यानंतर त्यांना थोपवून दूरच्या प्रेषकाने आपण होऊन हात आखडता घ्यावा अशी वाट पाहणे, एवढाच मार्ग असतो, आणि त्याचा गुण प्रेषकाच्या सौजन्यावर अवलंबून. दुसरा प्रश्न बिनतारी जोडण्यांचा, जो गडचिरोलीतील भामरागड-एटापल्लीकडच्या दाट रानात आणि पावसाळी हवेत अधिकच तीव्र होतो. तारेचा दर स्थिर असतो म्हणून लांबीला त्याने भागता येते. हवेतून जाणाऱ्या जोडणीचा दर क्षणाक्षणाला बदलतो, पॅकेट पुनःपुन्हा पाठवावे लागू शकते, आणि त्याला किती वेळ लागणार हे ते पाठवण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही. यावर लिनक्सच्या वायफाय विभागात अलीकडे हिशेबाचा क्रमच उलटा करण्यात आला : पॅकेट आधी पाठवावे, त्याने हवेतील प्रत्यक्ष किती वेळ खाल्ला तो मागाहून मोजावा, ती रक्कम त्या ग्राहकाच्या नावे टाकावी, आणि पुढची पाळी ठरवताना ती वसूल करावी. मोबाइलच्या टॉवरमागे बसलेल्या घरगुती राउटराला मात्र हा मोजलेला वेळ समजण्याची काही वाट अजून उपलब्ध नाही. त्याला दर अंदाजानेच सांगावा लागतो, आणि अंदाज चढा निघाला की रांग पुन्हा टॉवरकडे जाऊन साचते.